पुढे रस्ता अरुंद

तेवीस वर्षं मी त्रिकोण रंगवले.
माझगावच्या शेडमध्ये, तापल्या पत्र्याखाली,
आधी रेड ऑक्साइड, मग पांढऱ्याचे दोन हात,
वाळेपर्यंत एक चहा,
मग कडेची लाल पट्टी, एका श्वासात;
मध्ये शिंक आली तर पुसा आणि पुन्हा.
साहेब कागद द्यायचे, मी उतरवायचो:
दप्तरवाली पोरं, वळण, घसरडा रस्ता, गाय.
कळस रंगवणारा काही कळसावर राहत नाही.
तसा मी. स्टिअरिंगला कधी हात लावला नाही.

मग स्टिकर आले, रात्री दिव्यात चमकणारे.
माझे ब्रश काही दिवस रॉकेलमध्ये उभे राहिले,
नंतर माळ्यावर आडवे झाले.

आता विभानं, लेकीनं, डब्यांसाठी जुनी व्हॅन घेतलीय,
आणि ड्रायव्हर गणपतीला गावी गेला तो तिकडचाच झाला.
"बाबा, तुम्हीच शिका.
अर्धं पुस्तक तर तुमच्याच हातचं आहे."

तुस्कानो मोटर ट्रेनिंग, अँटॉप हिल.
डॉक्टरनं डोळे तपासून दाखला दिला, एकसष्ट वर्षं फिट.
बाकावर मी, आणि मिसरूड फुटलेली पोरं.
तुस्कानो सर पुस्तकावर बोट ठेवतात, "गोल म्हणजे काय?"
"सहाशे मिलिमीटर," मी म्हणतो, "हायवेला नऊशे."
वर्ग हसतो. सरही हसतात.
"गोल म्हणजे हुकूम, काका. त्रिकोण म्हणजे जपून.
चौकोन नुसतं सांगून ठेवतो."
मला इतकी वर्षं वाटायचं,
पत्रा जसा उरेल तसा आकार.

रात्री पोळ्या लाटता लाटता विभा विचारते,
"चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, थांबायचं कुणी?"
"उतरणाऱ्यानं."
सुलक्षणा मेथी निवडत मान वर न करता म्हणते,
"हा नियम फक्त गाड्यांनाच आहे का हो?"
"पिवळा दिवा लागला तर?"
"पुस्तकात की सायनला?"
विभा लाटणं उगारते.

वडाळ्याचं आरटीओ. माऊस हातात बसत नाही,
साबणाच्या वडीसारखा निसटतो.
नववा प्रश्न. त्रिकोणात दोन रेघा,
वर जाता जाता एकमेकींजवळ सरकलेल्या.
पर्याय एक, पुढे रस्ता अरुंद. पर्याय दोन, पुढे रस्ता रुंद.
कोपऱ्यात सेकंद उलटे पळतायत.

आणि मला रे रोडचा खांब आठवला.
शहाण्णव साल, मे महिना, दोन्ही बोर्ड संध्याकाळपर्यंत हवे होते.
घाईत कागद मी उलटा धरला असणार.
साहेबांनी पाहिला, सही केली,
आणि सहा वर्षं तो तिथं उभा होता,
पूल जवळ येताना सांगत, की या, पसरा, जागा आहे.
मी त्याच्याखालून बसनं गेलोय.
मान वर करून पाहिलंय, की लाल रंग
अजून उडाला नाही.
लॉऱ्या आपापल्या डोळ्यांनी हळू होत होत्या.
माझं कुणी ऐकत नव्हतं, हे किती बरं.
पण एखाद्यानं, रात्री, नवख्यानं,

सात सेकंद.

मी "अरुंद"वर टिचकी मारली.
हिरवी खूण उमटली, पुढचा प्रश्न आला.
त्यात रुग्णवाहिका होती. तो सोपा होता.

पास झाल्यावर तुस्कानो सरांनी L चे दोन स्टिकर दिले,
"एक पुढे, एक मागे."
ते मी खिशात ठेवले, घरी येऊन माळ्यावर चढलो.
ब्रशचे केस पार काथ्या झालेले,
थिनरमध्ये तासभर बुडवले तेव्हा जरा वळले.
पांढऱ्यावर लाल L, पट्टी न लावता.
उभी रेघ नीट आली.
आडवी शेवटाला किंचित खाली झुकली.

"पुसून परत काढा ना," विभा म्हणाली.
म्हटलं, राहू दे.
मागच्याला कळायला हवं, पुढे कोण चाललंय ते.
वाळेपर्यंत चहा टाक.